कानानं निवडलेलं मशीन

‘तुम्ही लिनक्स का घेतलं?’ असं कोणी विचारलं की माझं डोकं अजूनही फिरतं. विचारणारे बहुतेक शिकलेले, नागपूरकडचे असतात. त्यांना वाटतं, ही बाई आता काहीतरी तत्त्वाचं बोलेल. कसलं तत्त्व अन् कसलं काय, बाप्पा! माझ्या ताईला दिसत नव्हतं, आणि आमच्या ऐपतीत बसेल असं बोलणारं दुसरं मशीन आलापल्लीत मिळत नव्हतं. म्हणून घेतलं.

आमचे बाबा फॉरेस्टच्या ऑफिसात टायपिस्ट होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला. सागाच्या डेपोतल्या कारकुनांची पोरं, आश्रमशाळेत नोकरी पाहणाऱ्या मुली, सगळे आमच्याकडेच शिकायला यायचे. ताई माझ्यापेक्षा मोठी. बाबांच्या हाताखाली ती इतकी तयार झाली होती की सकाळची बॅच तीच घ्यायची. तिची बोटं चालायला लागली की रस्त्यावरून जाणारा माणूस वळून बघायचा. मला तिच्या निम्माही स्पीड कधी आला नाही, आणि मी त्याचं कधी वाईटही वाटून घेतलं नाही. एवढं चांगलं दुसऱ्या कोणाला येत असेल तर आपण कशाला बोटं मोडून घ्यायची?

आमच्या भागात मलेरिया म्हणजे दरसालचा पाहुणा. येतो, चार दिवस घर हलवून सोडतो, निघून जातो. त्या वर्षी तो ताईच्या डोक्यात चढला. तिला जीपमध्ये आडवं टाकून गडचिरोलीला नेलं. दवाखान्यात ती किती दिवस बेशुद्ध होती ते आई मोजत होती, मी मोजायचं सोडून दिलं होतं. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, “लाइन गेली का वो?”

खिडकीतून ढळढळीत ऊन येत होतं. आई म्हणाली, “हो बाई, गेली. येईन आता.”

ती लाइन पुन्हा आली नाही. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब समजा. आम्हीही तसंच समजून घेतलं, दुसरं काय समजणार? घरी आल्यावर ताईने बरेच महिने टाइपरायटरला हातच लावला नाही. मग एक दिवस आपणहून बसली आणि काहीतरी टाइप केलं. बाबांनी कागद काढून वाचला. एकही चूक नव्हती. पण कागदात काय आहे हे तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत होतं, आणि तेच तिला सोसेना. “मी काय लिहिलं ते मलेच कोणी सांगावं का?” म्हणाली, आणि उठून गेली.

पुढे टाइपरायटरचे दिवसच संपले. मी चंद्रपूरहून जोडलेला एक कॉम्प्युटर आणला आणि क्लासच्या पाटीवर तो शब्द रंगवून घेतला. त्यात चोरीची विंडोज होती, सगळ्यांकडे तीच असायची. ऑफिसातल्या लोकांच्या फ्लॉप्या आणि पुढे पेनड्राइव्ह त्यात जायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी व्हायरसने मशीन आडवं व्हायचं. मी शिव्या देत ते पुन्हा उभं करायची. ताई मागे खाटेवर बसून माझ्या शिव्या ऐकायची आणि हसायची. हसण्यासारखं तिच्याकडे तेव्हा तेवढंच होतं.

कारण मामांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. जिवतीकडचा माणूस. बायको मेलेली, पोरं लहान, कोरडवाहू शेती, आणि वय बाबांहून थोडंच कमी. त्याला भाकरी टाकणारी पाहिजे होती. “आंधळी असली तरी चालते म्हणते तो,” मामा असं सांगत होते की जणू त्याने आमच्यावर उपकारच केले. मी तिथल्या तिथे भांडायला उठले. मामा म्हणाले, “तू लगन करून गेली म्हणजे हिले कोण पाह्यते? बोल!” मी आणखी जोरात भांडले.

ताई शांतपणे म्हणाली, “मामा, मी नोकरी करतो. नाई लागली तं मंग तुमी म्हणान तसं.”

नोकरी खरोखरच निघाली होती. गडचिरोलीच्या एका ऑफिसात अंधांसाठी राखीव कारकुनाची एक जागा. अट एकच, कॉम्प्युटरवर इंग्रजी टायपिंग. परीक्षेत कोणीतरी उतारा वाचून दाखवणार, उमेदवाराने तो टाइप करायचा. मामा म्हणाले, ठीक आहे, परीक्षा होऊ दे, तोवर मी त्या लोकांना थांबवतो. जाता जाता आईच्या कानाशी लागले, “आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. धाकटी हिच्या नोकरीवर मजा मारन, पाह्यजो तू.” मी ऐकलं. ताईने तर ऐकलंच, कानच राहिले होते तिला.

आता कॉम्प्युटर बोलका करायचा होता. विंडोजला बोलायला लावणारं सॉफ्टवेअर मिळत होतं, पण त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला. विंडोजवर चालणारं फुकटातलंही काही निघालं होतं असं फार नंतर कळलं. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार, आणि ती तार म्हणजे माकडांचा झोका. मग कळलं की विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स म्हणून एक असतं, त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय असते आणि ते फुकट असतं. चंद्रपूरच्या बसस्टँडवर कॉम्प्युटरची मासिकं मिळायची, त्यांच्यासोबत सीड्या यायच्या. प्रत्येक सीडीत लिनक्सचा वेगळाच प्रकार. मी त्या जमवायला लागले.

लोक कॉम्प्युटर डोळ्यांनी पसंत करतात. रंग बघतात, खिडक्या कशा उघडतात ते बघतात. आम्ही तो कानांनी पसंत केला. पहिलं लिनक्स टाकलं, दिसायला असं देखणं की मीच बघत राहिले. पण आमच्या मशीनच्या साउंडशी त्याचं जमेना. आवाजच नाही. ताई बाजूला बसून विचारत होती, “झालं का सुरू?” काय सांगणार? दुसरं बोललं, पण भारनियमनात लाइन गेली आणि परत आली की ते गुपचूप आपली डिस्क तपासत बसायचं. पडद्यावर आकडे सरकताना मला दिसायचे. तिला काय दिसणार? ती बिचारी हात मांडीवर ठेवून त्या मुक्या मशीनपुढे बसून राहायची. आमच्याकडे लाइन दिवसातून कितीदा जायची! तेही काढून टाकलं. मग आणखी एक, मग आणखी एक. बाबा दारातून बघून म्हणायचे, “एक ना धड, भाराभर चिंध्या.”

शेवटी जे चाललं ते परदेशातून आलं. नाव-पत्ता कळवला की टपालाने सीडी फुकट पाठवणारे लोक होते. पाकीट आलं ते फोडून पुन्हा चिकटवलेलं. कोणी फोडलं हे आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात कोणी विचारत नाही. पोस्टमन एवढंच म्हणाला, “बाई, जपून. फुकट कोणी काई देते का?”

त्या सीडीची एक खुबी होती. मशीनमध्ये काही टाकावं लागत नव्हतं. सीडी घालायची, सुरू होताना एक बटण दाबून वाचणारा निवडायचा, की अख्खं लिनक्स सीडीवरूनच चालायचं. सीडी काढली की मशीन जसंच्या तसं. मी ती घातली. बराच वेळ नुसती घरघर. आणि मग स्पीकरमधून एक माणूस इंग्रजीत बोलायला लागला.

ताई दचकलीच. मग कान पुढे करून म्हणाली, “हा कोण होय वो? सर्दी झाल्यावानी बोलून राह्यला!”

ती एक एक की दाबत गेली आणि तो सर्दीवाला एक एक अक्षर बोलत गेला. तिने एक ओळ टाइप केली, मग बाण दाबून मागे आली, आणि त्याने तिला तिची ओळ वाचून दाखवली. मी काहीच केलं नाही, कोणीच काही केलं नाही. तिने ती ओळ पुन्हा ऐकली. आणखी एकदा ऐकली. मग ओढणी तोंडावर घेऊन रडली. मीही रडले, आणि आम्ही रडतोय हे बघून आई चुलीवरची भाजी टाकून धावत आली आणि काय झालं म्हणून ओरडायला लागली. दवाखान्यानंतर आमच्या घरात इतका आनंद कधी झाला नव्हता.

नंतर ते लिनक्स मी कायमचं मशीनमध्ये टाकून दिलं. ताई महिन्याभरात माझ्या पुढे गेली. मी अजून माउस शोधत असायची, हिची फाइल उघडून, लिहून, बंद करून झालेली असायची. क्लासच्या पोरींना ती पुन्हा शिकवायला लागली. “सर्दीवाल्याले विचार,” म्हणायची.

अर्ज भरल्यावर मी त्या ऑफिसात गेले. म्हटलं, साहेब, आमची एक सीडी आहे, ती घालून परीक्षा देऊ द्या. मशीनला काही होत नाही, काढली की सगळं पहिल्यासारखं. साहेबांनी सीडी हातात घेतली, उलटीपालटी केली.

“कोणाची आहे?”

“परदेशातून येते, साहेब. फुकट.”

“फुकट काऊन पाठवतात?”

मी समजावून सांगितलं. जेवढं समजावलं तेवढा त्यांचा चेहरा आंबट होत गेला. शेवटी म्हणाले, बाहेरची सीडी ऑफिसच्या मशीनमध्ये चालणार नाही, नियम सगळ्यांना सारखा. अंधांसाठीची जागा, आणि नियम डोळसांचा! मी तसं तोंडावर बोलले. त्यांनी बेल वाजवून शिपायाला बोलावलं, मग मी आपणहूनच बाहेर आले.

ताई म्हणाली, “जाऊ दे. टायपिंगच तं कराचं आहे. टाइपरायटर कोणता बोलत होता मले? तू सर्दीवाल्याले चूप कर अन् मले तशीच बसव.”

आणि इथून पुढे बाबांनी तिला हातात घेतलं. आमच्या क्लासची एक रीत होती, जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, सगळे सांगतील. परीक्षेला घंटा झाल्यापासून घंटा होईपर्यंत हात थांबता कामा नये. चूक झाली तरी नाही, खुर्ची मोडली तरी नाही. हात थांबला की स्पीड गेला. हे अंगात भिनावं म्हणून बाबा मागे उभे राहून गोंधळ घालायचे. पत्र्याचा डबा वाजवायचे. कानाजवळ ओरडायचे, “थांब! थांब, चुकलं तुझं!” जो थांबला त्याला पहिल्यापासून बसवायचे. ताईसाठी त्यांनी तो डबा पुन्हा माळ्यावरून काढला. मलाही कामाला लावलं. मी उतारा वाचायची आणि मधेच किंचाळायची, “ताई, थांब वो, कागद सरकला!” तिची बोटं तसूभरही अडखळत नसत. उलट ती हसून आणखी जोरात टाइप करायची. तिच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच बाबांच्या तोंडावर रंग आला होता.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही दोघी गडचिरोलीला गेलो. एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत परीक्षा होती. मला आत सोडलं नाही. ताईला खुर्चीवर बसवलं, मशीनवर टाइप करायचं कोरं पान उघडून दिलं. उतारा वाचायला एक नवीन कारकून मुलगी होती, घाबरलेली, कागदात डोकं घालून बसलेली. मी व्हरांड्यात मागच्या खिडकीशी उभी राहिले. तिथून मला ताईची पाठ आणि तिचा पडदा दिसत होता.

घंटेच्या थोडं आधी तिथली मशीनं सांभाळणारा ऑपरेटर आला. वेळ बघायला त्याने ताईच्याच पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली. मारली की मोठं घड्याळ आणि कॅलेंडर असलेली एक चौकट उघडते. ती चौकट तशीच उघडी टाकून तो पुढच्या मशीनकडे गेला. दिसणारा माणूस काय करतो? ती बंद करतो, पानावर एकदा माउस टेकवतो आणि सुरू होतो. नाही केलं तर तुम्ही दाबलेली अक्षरं पानावर जात नाहीत, त्या चौकटीत जातात.

घंटा झाली. मुलगी वाचायला लागली, ताईची बोटं सुटली. आणि पान कोरंच. मला आधी कळेना. मग चौकटीत बघितलं, तर महिने बदलत होते. जानेवारी, मे, ऑगस्ट, जून, नोव्हेंबर, मार्च. ताई ज्या अक्षराला हात लावेल त्या अक्षराने सुरू होणारा इंग्रजी महिना. एंटर मारलं असतं तर चौकट मिटली असती, पण उतारा एकसलग होता, आणि परिच्छेद संपल्याशिवाय एंटर मारायचं नाही हेही आम्हीच तिला शिकवलेलं.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. “ताई, थांब! थांब वो! हात थांबव!”

तिची मान किंचित हलली. आणि तिचा स्पीड वाढला. मी गज धरून ओरडत राहिले, घड्याळ बंद करा, कोणीतरी तिचं घड्याळ बंद करा! वाचणारी मुलगी घाबरून आणखी भरभर वाचायला लागली. पर्यवेक्षक खिडकीशी येऊन माझ्यावर खेकसले की उमेदवाराला मदत कराल तर तिचा पेपर रद्द करीन. मी म्हटलं, अहो, तिकडे बघा, एकदा मागे वळून बघा! त्यांनी बघितलं नाही, शिपायाला हाक मारली. शिपायाने माझा दंड धरला आणि मला व्हरांड्याच्या टोकाला नेऊन उभं केलं. तिथूनही मला तिच्या बोटांचा आवाज येत होता. इतकं सुंदर टायपिंग मी जन्मात ऐकलं नाही.

नंतर मी साहेबांच्या पाया पडले. हो, पडले, ज्यांना तोंडावर बोलले होते त्यांच्याच. ऑपरेटर म्हणाला, “बाई, एक क्लिक तं कराले पायजे होती न.” मी म्हटलं, कुठे करायची हे तिला दिसलं असतं तर ती या जागेला बसली असती का रे? साहेब म्हणाले, कागद कोरा आहे, कोऱ्या कागदाला मी काय मार्क देऊ? पुन्हा परीक्षा घेता येत नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं, “नाचता येईना, अंगण वाकडं.” कोण ते मला दिसलं नाही. दिसलं असतं तर तिथेच काहीतरी वाईट झालं असतं.

ताई बाहेर बाकावर बसली होती. चेहरा असा फुललेला की मला तिच्याकडे बघवेना. “एक बी चूक नाई गेली,” म्हणाली. “आज बोटं कशी चालली माहीत आहे का? किती मार्क झाले म्हणते तो साहेब?”

मी तिला हाताला धरून एसटी स्टँडवर आणलं आणि तिथे सांगितलं. आडपडदा न ठेवता, घड्याळापासून सगळं. ती ऐकत होती. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, आष्टी, अहेरी, कंडक्टर ओरडत होते. मग ती म्हणाली, “तुझा आवाज आला होता मले. मले वाटलं, बाबानं शिकवून पाठवलं तुले.”

बसमध्ये मीच बोलत राहिले. वर लिहू, कोर्टात जाऊ, पेपरात देऊ, मी त्या ऑपरेटरला सोडणार नाही. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला.

घरी मामा आलेले होते. अंगणात खाटेवर बसून चहा पीत होते. बाबा दारातच उभे होते, आमची बस यायच्या वेळेपासून उभे असावेत. त्यांनी पास का नापास हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “मधात थांबली तं नाई?”

“नाई, बाबा.”

“शाब्बास!” बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

माझ्याने तिथे उभं राहवलं नाही. मी वळून ओट्याच्या खांबाला डोकं टेकवलं. मागून ताईचा आवाज आला. अगदी साधा, क्लासमध्ये पोरींना धडा सांगताना लागायचा तसा. तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवलेला होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

मामांनी कप खाली ठेवला. घसा साफ केला. “मंग त्या जिवतीच्या लोकायले काय सांगू मी?”

मी ओरडायला तोंड उघडलं, पण ताई माझ्या आधी बोलली.

“हो म्हणून सांगा,” ती म्हणाली.